तिठ्यावरचा दवाखाना

मुंबईहून गोव्याकडे उतरणारा हमरस्ता कणकवली मागे टाकून कुडाळच्या वाटेला लागला की ओरोस येण्यापूर्वी एका ठिकाणी त्याला पश्चिमेकडे जाणारी मालवणची वाट फुटते. त्या फुटव्याचे गाव म्हणजे कसाल. मालवण येथून तीसएक किलोमीटर, कणकवली आणि कुडाळ त्याहून जवळ. कसालची ख्याती कोणत्या किल्ल्यावर वा बंदरावर उभी नाही; ती या तिठ्यावर उभी आहे. खालाटीचा मासा, वलाटीचे भात, चाकरमान्यांच्या ट्रंका आणि लग्नांची वऱ्हाडे ज्या वाटांनी आली आणि गेली, त्याच वाटांनी आजारीही आले, आणि म्हणून अशा तिठ्यावर, चहाच्या हॉटेलाच्या आणि कापडाच्या दुकानाच्या शेजारी, एक लाकडी बाक, एक पडदा आणि मिश्रणाच्या बाटल्यांचे एक कपाट एवढ्या सामग्रीवर पन्नास-साठ गावांचे आरोग्य सांभाळणारा दवाखाना उभा राहिला. कसालसारख्या गावांतील या दवाखान्यांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. पण तो लिहिण्याजोगा आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

या व्यवसायाच्या भूतकाळाचा जसजसा विचार करावा तसतशी एक गोष्ट स्पष्ट होत जाते. घरोब्याचा डॉक्टर, ज्याला आपण सरळ 'फॅमिली डॉक्टर' म्हणतो, तो केवळ विद्येने किंवा परोपकारबुद्धीने निर्माण झाला नाही. त्याला अंतराने घडविले. मोठे रुग्णालय जोवर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होते तोवर खेड्यातील आजारी माणूस वैदूच्या, घाड्याच्या आणि दैवाच्या स्वाधीन होता. ते जेव्हा अर्ध्या तासाच्या वाटेवर आले तेव्हा तो परस्पर तज्ज्ञाकडे जाऊ लागला. या दोन स्थितींच्या मध्ये, जेव्हा रस्ता झाला होता परंतु पूल सर्वत्र झाले नव्हते, एस.टी. सुरू झाली होती परंतु रात्री गाडी मिळत नव्हती, अशा चार-पाच दशकांच्या काळात तिठ्यावरचा डॉक्टर हा समाजाचा खरा आधारस्तंभ होता.

त्यापूर्वीची व्यवस्था आपण समजतो तितकी शून्यवत मुळीच नव्हती. बाळंतपण वैजिणीच्या हाती असे आणि ती आपल्या आईकडून शिकलेली असे. हगवणीवर कुड्याची साल, तापावर काडेचिराइताचा काढा, जंतांवर वावडिंग, तान्ह्या मुलाच्या पोटदुखीवर मुरडशेंग उगाळून, सूजेवर आंबेहळदीचा लेप, ही सारी औषधे परसात किंवा सड्यावर मिळत, आणि त्यांपैकी कित्येकांत तथ्य होते हे पुढे रसायनशास्त्राने मान्य केले. कुड्याच्या सालीतील द्रव्य आमांशावर खरोखरच गुणकारी ठरले. आजाऱ्याला पेज द्यावी, आटवल द्यावी, हा पथ्यविचार तर आजही खोटा ठरलेला नाही. जेथे औषध थके तेथे रवळनाथाला गाऱ्हाणे घातले जाई, कौल लावला जाई, घाडी अंगारा देई. या उपायांनी रोग हटत नसे हे खरे. पण ज्या समाजाजवळ पटकी आणि देवी यांच्यापुढे दुसरा कोणताही इलाज नव्हता, त्याने धीर धरण्यासाठी जी साधने शोधली त्यांची आज हेटाळणी करणे मला उचित वाटत नाही.

देवीच्या बाबतीत मात्र पुढे इलाज आला, आणि तो हिंदुस्थानात या मुंबई इलाख्यातूनच शिरला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला जी लस टोचली गेली ती या देशातील पहिली. पुढे इलाख्यात लस टोचणारे सरकारी कामगार गावोगाव हिंडू लागले, बेळगावास वासराच्या लसीची सरकारी संस्था झाली, आणि सरकारी वैद्यकाचा पहिला स्पर्श कोकणातील रयतेला झाला तो दवाखान्याच्या नव्हे, तर लशीच्या सुईच्या रूपाने. लोक या लस टोचणाऱ्याला भीत. मुले माळ्यावर लपविली जात. जो मनुष्य गावात वर्षातून एकदा, मामलेदाराच्या हुकमाने, अनोळखी चेहऱ्याने येतो, त्याच्यावर कोणी सहज विश्वास टाकीत नाही. विश्वास बसतो तो मुक्काम करून राहिलेल्यावर, ही गोष्ट पुढे खासगी डॉक्टरांनी आपल्या आचरणाने सिद्ध केली.

पाश्चात्त्य वैद्यकाचे रीतसर शिक्षण मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय यांच्या स्थापनेने सुरू झाले. १८५१ साली तेथून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी लाड होते, आणि भाऊ दाजींचे मूळ आपल्याच मुलुखालगतचे, तेरेखोलच्या खाडीपलीकडील पेडण्याच्या मांद्रे गावचे. त्यांनी मुंबईत गोरगरिबांना विनामूल्य औषध दिले, पुराणवस्तूंचा आणि शिलालेखांचा अभ्यास केला, आणि कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. कडू कवठ हे कोकणच्या रानातले झाड. त्याच जातीचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले, ते थेट १९४०नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत. एवढी विद्या, एवढी करुणा, आणि मूळ घर एवढे जवळ. परंतु भाऊ दाजींचा दवाखाना मुंबईतच राहिला. यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात तळकोकणात परत येऊन पदवीधराने पोट कशावर भरावे हाच प्रश्न होता, कारण रोख पैसा ज्यांच्याजवळ होता ते सारे मुंबईस गेले होते.

कोकणाने मुंबईला गिरणीकामगार दिले, गलबतांवरील खलाशी दिले, शाळामास्तर दिले, डॉक्टरही दिले. मुंबईकडून परत आली ती मनिऑर्डर आणि तिच्या मागोमाग रोगराई. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ज्यांनी ओळखला ते डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे. त्यानंतर मुंबईतून लाखो माणसे गावाकडे धावली, बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. १९१८चा इन्फ्लुएंझा हाही मुंबईतूनच देशभर पसरला. आणि या दोन प्रचंड साथींहून अधिक दीर्घकाळ, कोणताही गाजावाजा न करता, मुंबईच्या चाळींनी आणि गिरण्यांनी कोकणाला पाठविला तो क्षय. खोकत परतलेला तरुण मुलगा, अंगणातल्या खाटेवर पडून राहिलेला, हे पहिल्या महायुद्धापासून स्वातंत्र्यापर्यंतच्या काळात तळकोकणातील असंख्य घरांचे दुःख होते.

त्या काळात दाखविण्यासारखी ठिकाणे कोणती होती? घाटावर मिरज, जेथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले आणि ज्याची कीर्ती अशी पसरली की 'मिरजेला नेले' एवढे म्हटले की आजाराचे गांभीर्य श्रोत्याला कळे. दक्षिणेस गोव्यात पणजी, जेथे पोर्तुगीजांचे वैद्यकीय विद्यालय १८४२पासून चालत होते, पण तेथे परमुलुखाची हद्द आडवी येई. किनाऱ्यावर वेंगुर्ले, जेथे त्याच अमेरिकन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन काम करीत. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून या देशात परतला. मिशनच्या डॉक्टरांचा धर्मप्रसाराचा हेतू लोकांना ठाऊक होता, त्याविषयी मनात किंतुही होता. पण पोट चिरून गाठ काढणारा आणि मोतीबिंदू उतरविणारा हात दुसरा नव्हता, आणि त्या हाताची कृतज्ञता मानण्यात आपल्या लोकांनी कधी हयगय केली नाही. मात्र कसालच्या आसपासच्या वाडीतून वेंगुर्ल्यास जावयाचे तर बैलगाडीने किमान एक अहोरात्र मोडावी लागे. मालवण तालुका इंग्रजांचा, कुडाळ प्रांत सावंतवाडी संस्थानाचा. त्यामुळे सरकारी दवाखान्याची जबाबदारी कोणत्या दरबाराची, हाही घोळ होताच. तो १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा मिटला.

या पोकळीत जो डॉक्टर येऊन बसला तो बहुधा पदवीधर नव्हता, आणि येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण या वर्गाला आपण विसरलो आहोत. विद्यापीठाच्या दीर्घ आणि खर्चिक पदवीखेरीज त्या काळी एक आखूड वाट होती. पुण्याच्या भैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेतून एल.एम.पी. होता येई, मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा देऊन एल.सी.पी.एस. होता येई. असहकाराच्या दिवसांत, १९२१ साली, भायखळ्यास राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी नॅशनल मेडिकल कॉलेज काढले, आणि तेथे एल.सी.पी.एस.चाच अभ्यासक्रम शिकविला जाई. हेच कॉलेज १९४६ साली मुंबई महापालिकेने आपल्याकडे घेतले, तेव्हा मो. ना. देसाई टोपीवाले यांनी त्यास पाच लाख रुपयांची देणगी दिली, म्हणून ते टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झाले. हे टोपीवाले घराणे मूळचे कुडाळजवळच्या वालावलचे. म्हणजे कुडाळ प्रांताने मुंबईला एक मोठे वैद्यकीय विद्यालय उभारण्यास हातभार लावला, त्या वेळी कुडाळ प्रांताच्या स्वतःच्या खेड्यांत मात्र औषधाची बाटली मिळण्याची मारामार होती.

१९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल सादर केला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७ हजार ५०० होते, आणि त्यांपैकी जवळजवळ ३० हजार हे असे परवानाधारक, पदवी नसलेले होते. दर ६ हजार ३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि तोही बहुतेक शहरात. समितीने शिफारस केली की यापुढे हा दुय्यम अभ्यासक्रम बंद करावा आणि एकाच प्रतीचा, सर्वगुणसंपन्न पदवीधर डॉक्टर तयार करावा. हेतू उदात्त होता. खेड्यातील माणसाला कमी प्रतीचे वैद्यक का मिळावे, हा त्यामागील प्रश्न न्याय्यच होता. परंतु परिणाम असा झाला की खेड्यात राहण्यास तयार असलेली जात निर्माण करणारी टांकसाळच बंद पडली, आणि नवा पदवीधर शहरातून हलेना. समितीचा हेतू मान्य करूनही हा निर्णय घाईचा होता असे मला वाटते. ती जागा पुढे भरून काढली ती मिश्र वैद्यकाच्या डॉक्टरांनी. १९३८च्या मुंबई कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली होती. नंतर आयुर्वेद आणि ॲलोपथी दोन्ही शिकलेले जी.एफ.ए.एम. आले, १९६१च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांना स्थान दिले, आणि सत्तरीनंतर बी.ए.एम.एस. आले. तळकोकणातल्या नाक्यांवर ज्यांनी हयात काढली त्यांत या मंडळींचा भरणा मोठा आहे. त्यांच्या पाटीवरील अक्षरांवरून त्यांची किंमत करणारे टीकाकार शहरात खूप भेटतात. रात्री अडीच वाजता कंदील घेऊन त्यांचे दार ठोठावणाऱ्यांनी ती अक्षरे कधी वाचली नाहीत.

आता त्या दवाखान्यात शिरू. बाहेरच्या खोलीत बाक. आत टेबल, स्टेथोस्कोप, उकळत्या पाण्यात सिरिंजा ठेवण्याचे भांडे. आणि फळीच्या पलीकडे कंपाउंडर. या कंपाउंडरावर कोणी लेख लिहिला नाही, पण दवाखान्याचा निम्मा लौकिक त्याच्या हाती असे. बाटली रोग्याने घरून आणावयाची. ती धुऊन तीत मिश्रण भरावयाचे, आणि कागदाची दंतुर कातरलेली पट्टी डकवून डोसाच्या खुणा करावयाच्या, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही एक खूण सकाळी, एक दुपारी, एक रात्री हे समजे. तांबडे मिश्रण तापाचे, पांढरे पोटाचे. पुड्या बांधण्याचा वेग पाहण्यासारखा असे. औषध तेथेच तयार होत असल्यामुळे तपासणीची निराळी फी नसे. जो काय दाम तो औषधाचा. तोही नेहमी रोख मिळेच असे नाही. उधारीची वही होती, आणि ती दोनदा जमा होई: भात घरात आल्यावर आणि मुंबईची मनिऑर्डर पोहोचल्यावर. मधल्या काळात नारळ, काजू, फणस, ताजे बांगडे यांवर भागे. काही खाती कधीच पुरी वसूल होत नसत, आणि त्यांचा तगादा लावण्याची रीत नव्हती.

ऋतूंप्रमाणे रोग येत. मिरगाचा पाऊस कोसळू लागला की व्हाळ फुगत, साकव वाहून जात, आणि वाड्या आठ-आठ दिवस तुटून पडत. चादर वेळवाला बांधून केलेल्या डोलीतून आजाऱ्याला चिखलाच्या पाणंदीने तिठ्यापर्यंत आणले जाई, किंवा डॉक्टरच धोतर खोचून, पुढील पिढीत मोटरसायकल वाटेत उभी करून, शेताच्या मेरेवरून चालत जाई. याच दिवसांत हिवताप, हगवण, आणि मुदतीचा ताप. मुदतीचा ताप म्हणजे एकवीस दिवसांची वाट पाहणे. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८नंतर हाती आले तेव्हा ती वाट चार-पाच दिवसांवर आली. त्याआधी सल्फा आले होते, महायुद्ध संपताच पेनिसिलिन आले होते, आणि या दोन-तीन औषधांनी दहा वर्षांत डॉक्टरच्या हातात जे सामर्थ्य दिले ते त्याच्या गुरूंना आयुष्यभरात लाभले नव्हते. ज्या डॉक्टराने १९३५ साली न्यूमोनियाच्या मुलापाशी नुसते बसून रात्र काढली त्यानेच १९५० साली तसले मूल तिसऱ्या दिवशी खेळताना पाहिले. लोकांनी सुईवर जी श्रद्धा बसविली ती येथून. पुढे ती श्रद्धा अवाजवी झाली, साध्या सर्दीलाही सुई मागितली जाऊ लागली, आणि बऱ्याच डॉक्टरांनी ती मागणी मोडून काढण्याऐवजी पुरविली, हेही नमूद केले पाहिजे.

हिवतापाविरुद्ध १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डी.डी.टी.चे फवारे घरोघर मारले गेले, भिंतींवर तारखा लिहिल्या गेल्या, आणि थंडी वाजून येणाऱ्या तापाची गर्दी दवाखान्यातून ओसरली. क्षयाच्या बाबतीतील परिवर्तन याहून गहन होते. स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधानंतरही प्रश्न उरला होता की आरोग्यधामात राहण्याची ऐपत किती जणांची? तेव्हा मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की तीच औषधे घरी राहून, रोजचे साधे जेवण जेवून घेतली तरी गुण तितकाच येतो. या एका निष्कर्षाने जगाचे धोरण पालटले, आणि कसालसारख्या तिठ्यावरील डॉक्टर क्षयाचा खरा उपचारक झाला, कारण रोजची सुई आणि महिनोन्महिने गोळ्या घेण्याचा तगादा हे काम मुक्काम करून राहिलेल्यानेच करावयाचे होते. चतुर्थीला चाकरमानी येत तेव्हा त्यांच्या सामानात मुंबईच्या रुग्णालयाचे एक्स-रे आणि चिठ्ठ्या असत. मूर्ती पाटावर बसली की दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठ्या डॉक्टरच्या टेबलावर येत, आणि मोठ्या रुग्णालयात जे सांगितले त्याचा अर्थ गावाकडच्या भाषेत समजून घेतला जाई.

सर्पदंशाची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. जांभ्या दगडाचा सडा हे फुरशाचे माहेर. हे चिमुकले जनावर इतके बोकाळलेले होते की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या कलेक्टरीने त्यांना मारण्याबद्दल बक्षिसे लावली. फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, जखमेतून रक्त झिरपत राहते, आणि मूत्रपिंडे निकामी होतात. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांपासून तयार केलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, पण ते कधी द्यावयाचे हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागते असा समज आहे. तशी ती लागत नाही: रोग्याचे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे न हलविता ठेवावे, आणि नळी कलती करून पाहावी, गोठले नसेल तर विष चढले आहे. खेड्यातील डॉक्टरला पुरण्याजोगी ही कसोटी. आणि अशा डॉक्टरच्या निरीक्षणातून विज्ञान कसे घडते त्याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील खेड्याचे. १९७०नंतरच्या वर्षांत महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, आणि लाल विंचवाच्या दंशाने तरुण मुले डोळ्यांदेखत दगावतात हे पाहून त्यांनी प्रत्येक रोग्यापाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध या दंशावर त्यांनी योजिले आणि मृत्यूंचे प्रमाण विलक्षण खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात यंत्रसामग्री नव्हती. रोग्याजवळ बसण्याची तयारी आणि वही होती.

कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. ते डॉक्टर नव्हते; पण स्वतः भंगीकाम करून आणि सोप्या शौचालयांचे नमुने गावोगाव बसवून त्यांनी हगवण, आमांश आणि जंत यांच्या मुळावर जो घाव घातला, तो कित्येक दवाखान्यांनी मिळून घातला नसेल.

औषधाच्या पलीकडे या डॉक्टरकडे आणखी एक दप्तर असे, आणि ते कागदावर नव्हते. कोणत्या घरात दमा पिढीजात आहे, कोणाच्या आजोबांचे पाय साखरेने गेले, कोणत्या सुनेला दोन मुले होऊन गेली नि तिसऱ्याच्या वेळी जीव धोक्यात आला होता, कोण पिऊन येतो आणि कोणाच्या अंगावरील वळ पडल्याचे नाहीत, हे सारे त्याला ठाऊक असे. लग्न जुळविण्यापूर्वी मुलीचा बाप दबकत येऊन मुलाकडच्यांची चौकशी करी, आणि डॉक्टर जे सांगे त्यापेक्षा जे सांगत नसे त्याला अधिक महत्त्व असे. जमिनीच्या वाटण्या आणि भाऊबंदकी यांनी पोखरलेल्या या मुलुखात मृत्युपत्रावर 'कर्ता शुद्धीवर आणि समजून सही करीत आहे' असा डॉक्टरचा दाखला लागे. मग वर्षानुवर्षांनी त्याला दिवाणी कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहावे लागे, आणि दोन्ही पक्ष त्याचेच रोगी असत. 'माका बरां वाटत नाय' असे म्हणत येणाऱ्या म्हातारीला ताप नसून मुंबईहून दोन महिने पत्र आलेले नाही, हे तो नाडीला हात लावण्याआधी ओळखी, आणि पत्र लिहूनही देई. डॉक्टरीणबाई आतल्या घरातून दूरच्या गावाहून आलेल्यांना चहा, कधी पेज देत. बायकांची दुखणी बहुधा आधी त्यांच्या कानावर येत आणि मग डॉक्टरांच्या. या बाईंच्या श्रमांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि त्याचे ठाणे कसालच्या शेजारी ओरोसला बसले. कलेक्टर कचेरी आली, जिल्हा रुग्णालय आले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली. हमरस्त्यावर पूल रुंदावले, गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय दोन तासांवर आले, आणि २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका दाराशी येऊ लागली. यात वाईट काही नाही. ज्यांनी डोलीतून आणलेली बाळंतीण वाटेत गमावली आहे ते या गोष्टींना उणे म्हणणार नाहीत. परंतु ज्या अंतराने घरोब्याचा डॉक्टर घडविला होता ते अंतरच नाहीसे झाले. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा वैद्यकीय सेवेलाही लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला. त्यातून रोग्याला दाद मागण्याचा रास्त हक्क मिळाला, आणि त्याच वेळी डॉक्टरही अंदाजावर विसंबण्याचे सोडून चाचणी आणि चिठ्ठी यांचा आश्रय घेऊ लागला. मिश्रणाची बाटली गेली, कंपाउंडर गेला. जुन्या डॉक्टरांची मुले शिकून विशेषज्ञ झाली आणि पुण्या-मुंबईस राहिली; बापाचा दवाखाना पुढे चालविणारे थोडे.

रोग मात्र थांबलेले नाहीत. भाताच्या शेतात उभे राहणाऱ्याला लेप्टो होतो. २०१६ नंतर दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूस माकडतापाने माणसे दगावली. हे दोन्ही ताप पहिल्या दोन दिवसांत साध्या तापासारखेच दिसतात, आणि ते वेळीच हेरावयाचे तर आजारी माणूस कोणत्या शेतात उतरला होता, काजूच्या कोणत्या बागेत गेला होता हे ठाऊक असलेला माणूस पहिल्याच दिवशी भेटावा लागतो. अशा माणसाची गरज संपली आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आज ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मालवणच्या वाटेवर पडव्याला एक खासगी. दोन्ही कसालपासून हाकेच्या टप्प्यात म्हणावीत अशी, दोन्ही गेल्या काही वर्षांतली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून नियम केला आहे की वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, पुढील वर्षांतही त्यांच्याकडे जात राहावे, त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवाव्यात. म्हणजे जे पूर्वी अंतराने आपोआप घडविले ते आता अभ्यासक्रमाने घडवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे, आणि मला तो मनापासून स्वागतार्ह वाटतो. त्यातली एक उणीव भरून काढण्याजोगी आहे. तळकोकणातील नाक्यानाक्यावर ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे दवाखाना चालविला असे वृद्ध डॉक्टर अद्याप हयात आहेत, काहींपाशी जुन्या वह्या आहेत. या दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी कुटुंबांकडे जाण्याआधी त्या भागाच्या जुन्या डॉक्टरकडे जावे, त्याच्या परवानगीने आणि रोग्यांची नावे गाळून त्या वह्या उतरून घ्याव्यात, आणि कोणत्या वाडीत कोणता ताप कोणत्या महिन्यात येई, कोणता व्हाळ कोणत्या वर्षापर्यंत ओलांडता येत नसे, कोणती वैजीण किती बाळंतपणे निभावून नेई, हे त्याच्या तोंडून लिहून घ्यावे. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या पावसाळ्यापूर्वीच या कामास आरंभ करता येईल.